उम्म अल कुवैनमधली जपानी कॅसेट

दुबईला येऊन कुणी जुनी व्हिडिओ कॅसेट बघायला तासाभरावरच्या उम्म अल कुवैनला जातं का? दुबईच्या इंटरनॅशनल सिटी वस्तीत राहणाऱ्या भाच्याने मला वेड्यातच काढलं. पण एका जपानी दिग्दर्शकाच्या नादात माझी अर्धी हयात गेली आहे. त्याचे नावाजलेले चित्रपट पाहून झाले. सुरुवातीचा, कुणी दखल न घेतलेला एक मात्र सतत हुलकावणी देत होता.

शारजा मागे पडल्यावर इमारती विरळ झाल्या. डावीकडे उथळ खाडी आणि तिवरं दिसू लागली. कोकणच, फक्त डोंगर पुसून टाकलेलं.

मूळचे रत्नागिरीचे दाऊदभाई इथे पूर्वी व्हिडिओ लायब्ररी चालवत; त्या चित्रपटाची कॅसेट त्यांच्याकडे उरली होती. त्यांच्या पत्नी झुबेदाभाभींनी आधी तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण पोटभर वाढलं, मग कॅसेट लागली. संवाद जपानी, खाली अक्षरं अरबी! मी कपाळाला हात लावला.

"टेन्शन कशाला घेता भाऊ? मी सांगतो ना," म्हणत दाऊदभाई एकेक ओळ मराठीत सांगू लागले.

गोष्ट साधी. बंदरावर एकटी राहणारी आई आणि शहरात नोकरीला गेलेला मुलगा. शेवटी तो धावती भेट देऊन निघतो, तेव्हा आई काहीतरी म्हणते. दाऊदभाई अडखळले.

"म्हणते, लवकर परत ये. खलास (संपलं)." आणि ते असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजाला निघून गेले.

मला पटेना. एवढ्याने त्या मुलाने चेहरा का झाकून घ्यावा? भाभींना तसं म्हणालो.

"ती म्हणाली, आता येऊ नको, मला सवय झालीय," ताटं आवरत भाभी म्हणाल्या. "मलाही अरबी वाचता येतं."

मग त्यांनीच सांगितलं, त्यांचा मुलगा इम्रान कॅनडात असतो. दर शुक्रवारी त्याचा फोन येतो आणि भाभी त्याला हेच सांगतात. ते ऐकवत नाही म्हणून दाऊदभाई तेवढा वेळ बाहेर जाऊन बसतात.

तो दिवस शुक्रवारचाच होता. दाऊदभाई परतले, चहा झाला, कॅसेट त्यांनी मलाच देऊन टाकली आणि फोन वाजला. ते सवयीने चपला शोधू लागले. भाभींनी त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं.

"इम्रान," त्या म्हणाल्या, "लवकर ये रे."

दाऊदभाई मान खाली घालून बसून राहिले. मी निरोप न घेताच बाहेर पडलो.

पुण्याच्या फिल्म क्लबात हा चित्रपट दाखवेन, तेव्हा आईचं ते 'आता येऊ नको' जसं आहे तसंच सांगेन. दिग्दर्शकाशी बेइमानी करायची नाही. पण बंदरावरच्या त्या बाईला दाऊदभाईंचंच वाक्य म्हणायचं होतं, हे आता मला कुणी शिकवू नये.