डोंग्याचा बांबू
ओल्या बांबूचा वास आला की मला ते कार्टून आठवतं. व्हिडिओ गेमवरून काढलेली मालिका होती ती, दर रविवारी नवा गेम आणि नवी गोष्ट. बाबा वैनगंगेत मासे धरायचे. उंच ॲन्टेनाशिवाय चित्र येत नव्हतं आणि जंगलातला बांबू नाकेदार तोडू देत नव्हता. म्हणून रविवारी डोंगा रेटायचा बांबूच बाबा ॲन्टेनाला बांधायचे आणि घरी बसायचे. सिकलसेलनं खाटेला खिळलेल्या माझ्या बहिणीचा तेवढाच विरंगुळा होता. एकदा गोष्टीतला नावाडी पुरात सापडला आणि नेमकी लाइट गेली. "तो बाहेर निंगला का नाई, बाबा?" ती रोज विचारायची. "पुढच्या रविवारी दाखवतीन, बाई," बाबा म्हणायचे. झालेली गोष्ट पुन्हा दाखवत नाहीत, हे मला माहीत होतं आणि बाबांनाही. दिवाळीआधीच ती गेली. पुढच्या रविवारी बाबा बांबू खांद्यावर टाकून नदीवर गेले. मी टीव्ही लावला, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. आता ते सगळे भाग मोबाइलवर मिळतात म्हणे. मी शोधले नाहीत. नावाडी बाहेर निघाला असेलही, पण ते आता सांगू कुणाला?