इंदूवहिनी गाडीतून उतरल्या

माझे थोरले दीर नरहरराव पिंपळखुटे मालगाडीवर गार्ड होते. निवृत्त झाली की माणसं कुंड्यांना पाणी घालतात, देवळात जाऊन बसतात, फार तर शेजाऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसतात. आमच्या दिरांनी एक जुनी मिनीबस विकत घेतली. तिच्यात रेल्वेसारखे दोन बर्थ ठोकून घेतले, मागे गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली आणि जाहीर केलं, की आता आम्ही दोघं भारतभर फिरणार. दोघं म्हणजे ते आणि माझ्या जाऊबाई, इंदूवहिनी. वहिनींना कोणी विचारलं होतं, असं मला तरी आठवत नाही.

त्याच सुमारास छत्तीसगड वेगळं झालं आणि आमचं रायपूर राजधानी होऊन बसलं. भोपाळहून साहेब लोकांची रीघ लागली. त्यांना राहायला घरं मिळेनात आणि आम्हाला सदर बाजारातून स्कूटर काढता येईना. दिरांचं तात्यापाऱ्यातलं घर अशाच एका साहेबांनी मागितलं. आपण तर फिरतच असणार, बंद घराला वाळवी लागण्यापेक्षा कोणी दिवा तरी लावेल, असा विचार करून दिरांनी पाच वर्षांचा करार केला आणि मोकळे झाले. वहिनींचा संसार माझ्या बूढापाऱ्यातल्या घरी माळ्यावर चढला आणि वहिनी गाडीत चढल्या.

फिरायचा दिरांचा नियम एकच, लोकांचा हंगाम संपला की आपण निघायचं. भर उन्हाळ्यात रामेश्वर, भर पावसात गुजरात, कडाक्याच्या थंडीत हिमाचल. म्हणत, गर्दी नाही, कोणी भाव खात नाही, सगळा समुद्र आपल्या एकट्याचा. सवारी गाड्या पुढे निघून गेल्यावर मालगाडीला रूळ मोकळा मिळतो, तीच सवय हाडीमांसी खिळलेली.

चार-दोन महिन्यांनी गाडी दुरुस्तीला आणि औषधं घ्यायला दोघं रायपूरला येत. गाडी माझ्या दारात उभी राही. वहिनी उतरत आणि आधी माझ्या न्हाणीघरात जात, त्या बराच वेळ बाहेरच येत नसत. मी कौतुकानं विचारायची, रामेश्वरला काय काय पाहिलं. त्या सांगत, तिथलं पाणी खारं, डाळ शिजत नाही. हिमाचलात काय, तर नळच गोठलेला. सगळा देश त्या मला पाण्यावरूनच सांगत. चालत्या गाडीत चहा उतू जातो, साडी वाळत घालायची तर पेट्रोल पंपाचं कुंपण शोधावं लागतं, आणि मुलीला, राधिकेला, फोन करायचा तर आधी बूथ सापडला पाहिजे. माझ्याकडे झोपल्या तरी पलंगाची कड घट्ट धरून झोपत.

एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "वनमाला, मले तर असं वाटते का मी साठीत नोकरीले लागली."

मला दिरांचा भयंकर राग यायचा. पण थोरल्या दिरांना सून माणसानं काय बोलावं. मी आमच्या ह्यांना टोचायची, आणि हे वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरून मोकळे.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या असतात. पितळी मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, पणजोबांनी वऱ्हाडातून आणलेल्या. त्या थोरल्याच्याच छपराखाली उभ्या राहतात, धाकट्याकडे नाही. एकदा उभ्या केल्या की तिसऱ्या दिवशी अक्षता टाकून निरोप देईपर्यंत जागच्या हलवत नाहीत. आता थोरल्याचं छप्पर म्हणजे गाडीचं छप्पर. पहिली दोन वर्षं माझ्या दारात उभ्या असलेल्या गाडीतच वहिनींनी महालक्ष्म्या मांडल्या. येणाऱ्या बायका फाटकापाशी चप्पल काढून गाडीच्या पायरीवर चढत आणि आत वाकून हळदीकुंकू लावत. लोक हसले असतील, पण खंड पडला नाही.

तिसऱ्या वर्षी दीर म्हणाले, गाडी हेच जर घर, तर ती रायपुरातच काहून पाहिजे. त्या वर्षीचा भाद्रपद कच्छात गेला, समुद्राजवळच्या एका ओसाड गावाच्या कडेला. सोळा भाज्या कुठल्या मिळायला. वहिनींनी मिळाल्या तेवढ्यांत भागवलं. जेवायला सवाष्ण पाहिजे म्हणून रस्त्यानं शेळ्या घेऊन जाणाऱ्या एका बाईला हाताला धरून आणलं. ती डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यात. आपल्याकडे अशा दिवशी काळं चालत नाही, पण वहिनींनी तिला पाटावर बसवलं, पुरण वाढलं, ओटी भरली. एकीला दुसरीचं बोलणं समजत नव्हतं. बाई पोटभर जेवली आणि जाताना वहिनींच्या गालावरून हात फिरवून गेली. हे सांगताना वहिनी हसल्या होत्या. त्या सगळ्या प्रवासातलं त्यांचं तेवढंच हसणं मी ऐकलं.

पण बाई गेली आणि आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. गावातला एक माणूस धावत सांगायला आला, की नाला चढतो आहे, गाडी काढा. दिरांनी गाडी सुरू केली. वहिनी दोन्ही हात पसरून महालक्ष्म्यांना धरून उभ्या राहिल्या, पण खड्ड्यात चाक गेलं आणि कनिष्ठा खाली आली. गालाला पोचा पडला. दीर काही चुकले नव्हते. गाडी काढली नसती तर सगळेच वाहून गेले असते, हे वहिनींनाही कळत होतं. त्यामुळे त्यांना कोणावर रागावता येईना, आणि तो न काढलेला राग त्या वर्षभर सोबत घेऊन फिरल्या.

पुढच्या भाद्रपदात गाडी माझ्या दारात आली तेव्हा वहिनी उतरल्या त्या न्हाणीघरात न जाता थेट तात्यापाऱ्यात गेल्या. मला बरोबर घेतलं. आपल्याच घराची कडी वाजवली आणि साहेबांच्या बायकोला, शर्मिष्ठाला, म्हणाल्या, की देवघराशेजारचा कोपरा मला तीन दिवस द्या. करारात असं काही नव्हतं, नाही म्हणाली असती तर आम्ही काय करणार होतो. पण बाई चांगली होती. म्हणाली, "दीदी, घर तो आप ही का है." मी मनात म्हटलं, ते आम्हाला ठाऊक आहे, पण तू म्हणालीस ते बरं झालं.

ते तीन दिवस वहिनी वेगळ्याच दिसल्या. स्वयंपाकघरात त्यांना डबे शोधावे लागत होते, कारण शर्मिष्ठानं सगळी मांडणी बदललेली होती. तरी त्यांचा हात आपोआप जुन्या जागी जायचा आणि रिकामा परत यायचा. आंबील झाली, फुलोरा टांगला, सोळा भाज्या झाल्या. कनिष्ठेचा पोचा वहिनींनी पदराच्या काठाखाली झाकला. दीर जेवायला आले, पोटभर जेवले, आणि तिसऱ्या दिवशी निरोप झाला की दुपारीच निघू म्हणाले. कोणार्कचा किनारा सध्या अगदी मोकळा असतो म्हणे.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी अक्षता टाकल्या. साड्या उतरवून घड्या केल्या, मुखवटे जुन्या धोतरात गुंडाळले आणि ते गाठोडं माझ्या हातात दिलं. गल्लीच्या तोंडाशी गाडी सुरूच होती, मागे स्कूटरवाले हॉर्न वाजवून डोकं उठवत होते. वहिनी गाडीत चढल्या. मला वाटलं, गेल्या. तेवढ्यात त्या आपली कपड्यांची पेटी घेऊन पुन्हा खाली उतरल्या आणि ड्रायव्हरच्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

म्हणाल्या, "तुम्ही जा. मी नाही येऊन राहिली."

दिरांनी विचारलं, "काहून? काय झालं?"

"थकली मी. दुसरं काही नाही झालं."

 मागचे लोक आता शिव्या द्यायच्या बेतात होते. शेवटी दिरांनी गाडी पुढे घेतली. मला वाटलं, वळसा घालून येतील. संध्याकाळपर्यंत आले नाहीत. आले नाहीत ते आलेच नाहीत, एकटेच गेले.

घराचा करार संपायला अजून अवकाश होता, म्हणून वहिनींनी माझ्याच गल्लीत एक खोली घेतली. माळ्यावरचं सामान उतरवलं, होतं तेवढं लावलं. दिरांचा फोन नाही, पत्र नाही. मी रोज चरफडायची. वहिनी मात्र दिवसाही झोपत, जेवण झालं की झोपत, दळण टाकून आल्या की झोपत. वर्षानुवर्षांची झोप साठली होती ती फिटत होती.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी गाडी दारात दिसली. दीर वहिनींच्या खोलीत येऊन जमिनीवरच बसले. मीही तिथेच भाजी निवडत होते, ते मला बघून थांबले नाहीत. एरवी माझ्यासमोर चार शब्द बोलायचे नाहीत.

म्हणाले, "समुद्र मोठा होता, इंदू. चिटपाखरू नाही. एक नाव आली तं मी म्हटलं, ते पाहा. अन् बाजूची सीट रिकामी." वहिनींनी पुढे ठेवलेल्या चहाचा एक घोट घेतला. "पूरी नोकरी गार्डाच्या डब्यात गेली. समोर सगळी गाडी, मागं मी एकटा. जंगल दिसे, एक डाव हत्तीचा कळप दिसला, सांगाले कोणी नाही. तवाच ठरवलं होतं, रिटायर झालो का तुले सगळं दाखवीन."

माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. इतकी वर्षं मी ज्या माणसावर दात खात होते, त्याची मला दया आली आणि माझीच मला चीड आली. आता वहिनी विरघळणार, पेटी भरणार, असं मी धरून चालले.

वहिनींचे डोळे भरून आले होते. पण त्या उठल्या नाहीत.

"तुम्ही एकटे होते, हव," त्या म्हणाल्या. "अन् मी? राधिका तापानं फणफणली तवा, तुमची आई गेली तवा, हरएक महालक्ष्मीत? मले बी सांगाचं होतं, कोणाले सांगू? चार वर्सं तुमचं पाह्यलं मी. आता तुम्ही इथं बसा, अन् माझं पाहा."

दिरांनी चहा संपवला, उठून बाहेर गेले. मला वाटलं, गाडी सुरू होते की काय. थोड्या वेळानं ते गाडीतली आपली उशी आणि चादर काखेत घेऊन आले, त्या एवढ्याशा खोलीच्या दारात अवघडून उभे राहिले आणि वहिनींना विचारलं, "हे कुठं ठेवू?"