रविवारचा काजू

चर्चमागच्या पडवीत आम्ही बायकांनी काजू फोडायचं काम काढलं, तेव्हा आजऱ्याच्या बाजूला बचतगट नुकतेच निघू लागले होते. पाळकसाहेबांनी जागा दिली, पण साफ सांगितलं, एका हंगामात जमलं नाही तर पुढं ओढायचं नाही. मी हट्टालाच पेटले. गटात निम्म्या आम्ही ख्रिस्ती, निम्म्या गावातल्या. गावातल्या बायका दर मंगळवारी देवीचा वार पाळायच्या, कामाला हात लावायच्या नाहीत. आमचा रविवार बंद. आणि आमच्या पहिल्याच व्यापाऱ्याला माल सोमवारी हवा होता.

घाईघाईत मी शनिवारी शेवटचा काजू उकडून काढला. तो निवला की दुसऱ्या दिवशी फोडावाच लागतो, नाहीतर बुरशी धरतो. दुसरा दिवस रविवार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काजू गेला तर गट गेला, हे मला कळत होतं. पण प्रभूचा दिवस मोडून उभा राहिलेला धंदा मला नको होता. गावातल्या बायकांना बोलवावं, तर कुठल्या तोंडानं? मंगळवारीही या म्हणून मीच त्यांच्याशी वाद घातलेला. उपासनेला बसले खरी, पण प्रार्थना कसली, भांडणच ते. 'तुझा दिवस मी सोडत नाही, माझा काजू तू सोडू नकोस,' एवढंच घोकत होते.

उपदेश चालू असताना पडवीतून काजू फोडायच्या कटरची टकटक ऐकू आली. मी ताडकन उठले. पाळकसाहेब जरा थांबले आणि म्हणाले, "बसा ताई. उपासना संपायचीय अजून." बसले.

संपल्यावर धावत गेले, तर गटातली पार्वतीअक्का गावातल्या सगळ्या जणींना घेऊन बसलेली. कपाळभर कुंकू, हात काजूच्या चिकानं काळे.

"अक्का, आज सुट्टी हाय की," मी म्हणाले.

"तुमची हाय. आमची मंगळवारी झाली न्हवं?" ती मान वर न करता म्हणाली. "काल काजू उकडलास तवाच वळाकलं, ही बाई उद्या हात लावायची न्हाय. सरक बाजूला, उजेड अडतोय."

मला रडू आवरेना. सोमवारी माल वेळेवर गेला.

कुणी म्हणेल, यात चमत्कार कसला? मी त्यावर वाद घालत नाही. आयुष्यभर मी देवाला काम सांगत आले आणि करत मात्र मीच आले. त्या सकाळी त्यानं मला बसवून ठेवलं आणि ज्यांच्या वारावर मी चिडले होते त्यांच्याच हातांनी काम केलं. हट्ट अजून गेलेला नाही. पण आता रविवारी पडवीतून आवाज आला की मी उठत नाही. मान खाली घालते आणि पार्वतीअक्कापासून सुरुवात करून एकेकीचं नाव देवाला सांगते.