श्वास सोडून दिलेलं माप

लेकीच्या साखरपुड्यासाठी माझे कपडे शिवायला टाकताना मापासाठी म्हणून मी शिंप्याला माझ्या स्वतःच्या लग्नातला शर्ट आणि पँट दिली.

माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. तेव्हा मी शेवग्याची शेंग होतो. आता खांदे तेच आहेत, पाय तेच आहेत, फक्त मधल्या मधे दुसराच कुणीतरी राहायला आलाय. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण भोरच्या पेठेतल्या आमच्या शिंप्याला एक खोड आहे. टेप लावला की तो आधी आकडा ओरडतो आणि मग वहीत लिहितो. त्या दिवशी दुकानातल्या बाकावर आमच्या शाळेतले दोन मास्तर बसलेले. मी त्याच शाळेत क्लार्क. मी पायरीवरूनच मागे फिरलो, घरी येऊन ट्रंक उपसली आणि पिशवी घेऊन परत गेलो.

"ह्याच मापाचे शिवा."

शिंप्यानं शर्ट पाहिला, मग मला पाहिलं. "तुमचाच का?"

"मग काय शेजाऱ्याचा?"

साखरपुड्याच्या चार दिवस आधी कपडे हातात आले. पँट मांडीशी येऊन थांबली. शर्टाची बटणं लागली, पण श्वास आत ओढून धरला तरच. बायको दारात उभी राहून बघत होती.

"सुपारी फुटेपर्यंत श्वास घ्यायचा नाही असं ठरलंय का?"

तिच्या टोमण्यांची मला सवय आहे. लेक मात्र हसली नाही. "बाबा, तुम्हाला त्यांच्या बाबांशेजारी पाटावर मांडी घालून बसायचंय," ती म्हणाली, "त्यांच्याकडची सगळी माणसं समोर असणार. पहिल्यांदाच बघणार आहेत तुम्हाला." एवढं बोलून आत गेली. ते मला लागलं.

शिंप्याकडे लग्नसराईची गर्दी. पंधरा दिवस जमणार नाही म्हणाला, आणि चूक माझीच असल्यामुळे मला भांडताही येईना. मग तयार कपड्यांची दोन दुकानं पालथी घातली. जो शर्ट पोटाला व्हायचा त्याचे खांदे माझ्या कोपरापर्यंत उतरायचे. जो खांद्याला बसायचा त्याची बटणं काज्यांकडे लांबूनच बघायची. उभ्या रेघांनी माणूस बारीक दिसतो असं मोबाईलवर कुठंतरी पाहिलं होतं, म्हणून तोही शर्ट घालून बघितला. आरशात गुंडाळी केलेली गादी उभी होती.

रविवारी भावकीला सांगायला वेल्ह्याकडच्या आमच्या गावी गेलो. मोटरसायकलवर कापूरहोळ, नसरापूर करत पोचलो तेव्हा चुलतवहिनी पडवीत शिलाई मशीनवर बसली होती. आसपासच्या चार वाड्यांतल्या बायकांचे कपडे तीच शिवते. मला बघितलं आणि पाणी द्यायच्या आधी म्हणाली, "भावजी, ह्यो शर्ट आत कशापायी खोचता? पोत्याचं तोंड बांदल्यावानी दिसतंय."

गेली वीस वर्षं मी रोज शर्ट खोचून, पट्टा आवळून ऑफिसात बसलो होतो. त्यानं भारदस्त दिसतं अशी माझी समजूत. पण त्या वाक्यापुढे माझी सगळी अकड गळाली आणि मी तिला साखरपुड्याच्या कपड्यांची कथा सांगून टाकली. ती इतकी हसली की मशीनचं चाक धरून बसली. मग टेप घेऊन उठली.

"श्वास सोडा."

"सोडलाय."

"खोटं बोलू नका. सोडा. आजून. हितं म्हशीबिगर कोण बघत न्हाई."

सोडला. किती वर्षांनी सोडला कोण जाणे. पोट आपल्या जागी आलं, खांदे खाली आले, आणि गंमत म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. म्हशीनंही मान वळवली नाही.

"आकडा सांगू का?"

"नको."

तिनं कपाटातून आहेरात आलेलं गडद निळं कापड काढलं. खांद्याचं माप माझ्या खांद्याइतकंच धरलं. पुढचा भाग मागच्यापेक्षा चांगला दोन बोटं लांब कापला.

"वहिनी, पुढं जास्त कापलं की काय?"

"पोटावरनं कापड वर चढतंय. मंग पुढनं आखूड दिसतंय अन् पोट आजून म्होरं येतंय. गप बसा."

गुडघ्यापर्यंत झब्बा, दोन्ही बाजूंना चीर, आणि खाली ढगळ लेंगा. झब्बा-लेंगा म्हणजे म्हाताऱ्यांचा पेहराव असं मी आजवर म्हणत आलो होतो. माझं जेवण आणि भावकीतली घरं होईस्तोवर तिनं शिवूनही ठेवला. घातला. मांडी घालून बसलो. उठलो. परत बसलो. कुठं काही आवळलं नाही, कुठं काही ओरडलं नाही. आरशातला माणूस बारीक झाला नव्हता, पण एकाच मापाचा झाला होता.

साखरपुड्याला पाटावर बसलो, भरपूर श्वास घेत. सुपारी फुटली. लेकीनं फोटोच्या आधी येऊन माझी कॉलर सरळ केली, मागे सरून एकदा बघितलं आणि हसली. तेवढ्यावर मी दोन दिवस जेवलो नसतो तरी चाललं असतं.

जेवताना व्याही म्हणाले, "झब्बा अगदी झकास बसलाय हो! कुठं शिवला?"

आता एवढी संधी कोण सोडतो? मी ताठ बसलो. "त्याचं काय आहे, आपल्या अंगाची ठेवण आपण ओळखली पाहिजे. मग त्याप्रमाणे खास कापून घ्यायचा..."

वहिनी नेमकी वाढायला आली होती. भाताचं पातेलं कमरेवर घेऊन म्हणाली, "खास कशाचं आलंय! आमच्याकडच्या पोटुश्या बायांचे गाऊन मीच शिवती. भावजींना सातवा म्हैना धरून बघितलं, पुरंना. मंग नववा धरला."