येत नाही म्हणायचं नाही

फुलसावंगीच्या उकंडा गवंड्याची प्रियंका लहानपणापासूनच धीट. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी वर्गात विचारलं, रविवारी बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या शाळकरी पोरांना शिकवायला कोण जाईल? सगळे वीर आपापल्या चपला न्याहाळू लागले. हिनं हात वर केला. जमेल का, झेपेल का, असला विचार त्या घरात कोणी करतच नसे.

ही सवय बापाची. उकंडाला कोणी विचारलं, "जिना बांधता येते का?" की तो म्हणायचा, "येते." मग दुसऱ्या गावचा एखादा जिना चारी बाजूंनी पाहून यायचा आणि बांधायचा. पोरीला तो एकच गोष्ट बजावत आला होता, "आपल्या लेकरानं येत नाई म्हनायचं नाई. लोकं तेच आयकाले टपून रायतात." बौद्धवाड्यातल्या बापानं हे काहून सांगितलं असेल, ते ज्याला शाळेत वेगळं बसवलं होतं त्यालाच कळेल.

तर तांड्यावर सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर तिचा वर्ग सुरू झाला, आणि पहिल्याच दिवशी तिनं बापाचं वाक्य फळ्यावर लिहिलं. इथे 'येत नाई' म्हणायचं नाही. चुकलं तरी चालेल, उत्तर द्यायचं. पोरं घरी गोरबोली बोलणारी, शाळेतल्या मराठीपुढे तोंड शिवून बसणारी. पोळ्यापर्यंत ती अशी काही सुटली की ओट्यावर कोण काय बोलतंय ते कळेना. सगळ्यांत पुढे पाचवीतली वर्षा, खेमसिंगची. प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. प्रियंकाला तिचा भारी अभिमान. येईल त्याला सांगायची, आमच्या वर्षाला सगळं येतं.

ते २०१७ साल. कापूस माणसाच्या डोक्यावर गेलेला, त्यावर अळी, आणि अळीवर फवारे. खेमसिंग पाठीवर पंप घेऊन दुसऱ्यांच्या वावरात मजुरीनं फवारायला जाई. कापसाची पऱ्हाटी उंच, म्हणून नळी वर धरायची आणि अर्धं औषध आपल्याच तोंडावर घ्यायचं. तोंडाला बांधायचं फडकंही उकाड्यानं काढून टाकलेलं. एका दुपारी तो वावरातच चक्कर येऊन पडला. लोकांनी त्याला ऑटोत घालून आधी जवळच्या दवाखान्यात आणि तिथून यवतमाळला नेलं. मरता मरता वाचला.

पुढच्या रविवारी वर्षा ओट्यावर दिसली नाही. प्रियंका तिच्या घरी गेली. नवऱ्याला दवाखान्यात दिराच्या हवाली करून वर्षाची आई मानीबाई पोरीसाठी तेवढ्यापुरती परत आली होती.

"बाटलीवरचं पोरीनंच वाचून सांगतलं होतं बापाले," मानीबाई म्हणाली. "पंपात किती टाकाचं ते." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, प्रियंकाला तो झेलता आला असता.

"मंग तिनं बरोबरच वाचलं असंन, काकी."

"मी वाचलंच नाई," वर्षा भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "इंग्रजी होतं, मुंग्यांवानी. बा म्हने, लवकर सांग. मी म्हनलं, दोन झाकनं." मग जरा थांबून, "तुमीच सांगतलं होतं न ताई, येत नाई म्हनायचं नाई."

प्रियंकानं कोपऱ्यातलं दप्तर ओढलं. तिनं शाळेचं पुस्तक वर्षापुढे धरलं. काहीही वाच म्हणाली, आपलं नाव वाच. पुस्तकावर नाव वर्षानंच लिहिलेलं होतं.

"मले येत नाई," वर्षा म्हणाली.

घरी येऊन प्रियंका बापावरच उखडली. "तुमच्या येते-येतेनं एक मानूस जात होता, बाबा." उकंडा थापी धूत होता. सगळं ऐकून घेतलं आणि थापी बाजूला ठेवली. "माही भिंत वाकडी गेली तं मी पाडतो, पुन्हा बांधतो," तो म्हणाला. "सगळंच भिंतीवानी नसते. हे बी तुले सांगाले पायजे होतं. नाई सांगतलं म्या." असा हरलेला बाप तिनं कधी पाहिला नव्हता. तांड्यावर पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं तिनं मनाशी ठरवलं होतं. खेमसिंग घरी आल्याचं कळलं तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

तो खाटेवर बसला होता. हात थरथरत होते, समोरचं माणूस धूसर दिसत होतं. तांड्याचा प्रमुख लखीराम नायक आणि दोन-चार शेजारी भोवती बसलेले. सगळ्यांदेखत प्रियंका म्हणाली, "काका, चूक वर्षाची नाई. तिले मी तसं शिकवलं."

खेमसिंगनं हातानंच तिला थांबवलं. "दुकानदारानं किती टाकाचं ते सांगतलं होतं मले," तो म्हणाला. "समजलं का, म्हने. मांगं लोकं उभे होते. नाई समजलं म्हनाची लाज वाटली. मी म्हनलं, समजलं." डॉक्टर म्हणाले होते, वारं होतं, ऊन होतं, तोंड उघडं होतं, वर दोन औषधं एकात कालवलेली. नेमकं कशानं झालं ते त्यांनाही सांगता येईना. वर्षा कोपऱ्यात बसून ऐकत होती.

"जाऊ द्या. हे तेवढं वाचून द्या," म्हणत खेमसिंगनं दवाखान्याची चिठ्ठी पुढे केली. कोणती गोळी कधी घ्यायची ते त्यात होतं. प्रियंकानं पहिल्या दोन गोळ्या वाचून सांगितल्या. तिसरीपुढचं अक्षर काही केल्या लागेना. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. सकाळ-संध्याकाळ असेल, दुसरं काय असणार. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"हे मले वाचता येत नाई," ती म्हणाली. "विचारून येतो."

"बी.एस्सी. न तुमी?" लखीराम नायकानं विचारलं.

"हो. तरी नाई येत."

तिचे कान तापले. कोणी हसलं नाही. वर्षा उठली आणि पायात चपला सरकवल्या. "मी बी येतो," म्हणाली.

गावच्या दवाखान्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी होती, आतलं काही दिसू नये इतकी उंच.

"ताई," वर्षानं विचारलं, "मी त्या दिवशी येत नाई म्हनलं असतं, तं बा पडला नसता का?"

तरीही पडला असता, असं म्हणणं सोपं होतं. पोरीच्या जिवाला तेवढाच थारा मिळाला असता. प्रियंका थांबली.

"मले माहीत नाई, वर्षा."

वर्षानं तिच्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून चिठ्ठी मागून घेतली. "डाक्टरले मी विचारतो," म्हणाली.