नातवंडांत उतरणारा रंग

"आधी सांगून ठेवतो, मग म्हणू नका," असं म्हणून काका एक डोळा मिटायचे आणि सशाच्या गाभण मादीच्या पोटाखाली अलगद हात घालायचे. "तीन काळी, दोन पांढरी, एखादं करडं."

पोट चाचपून रंग कळत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. हात नुसता शोभेला. खरा हिशोब डोक्यात चालायचा: आई कुठली, बाप कुठला, त्या दोघांचे आईबाप कोण. महिन्याभरात पिल्लं व्हायची, अंगावर लव आली की रंग दिसायचे आणि काकांचं बहुतेक खरं निघायचं. नाही निघालं तर, "करडं आत राहिलंय, पुढच्या खेपेला येतंय बघा," असं म्हणून मोकळे.

इंदिरानगरला आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर, तिसऱ्या मजल्यावर. वर गच्ची आणि गच्चीत द्राक्षाच्या रिकाम्या पेट्यांना जाळी ठोकून केलेली सशांची घरं. अशी माणसं तुमच्याही आसपास असतील. कोणी कबुतरं पाळतं, कोणी गुलाबाची कलमं बांधत बसतं. आपण आधी हसतो आणि मग संध्याकाळी आपणच डोकावायला जातो. मीही कोबीची पानं घेऊन जायचे. पानं काय, निमित्त.

ओझरच्या विमानांच्या कारखान्यात काका रंगखात्यात होते. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की चहाही न घेता तडक गच्चीवर. काकू खालून ओरडायच्या, "दिवसभर रंगच बघता ना, पोट नाही भरत?"

"तो मारलेला असतो गं. हा आतून येतो," काका वरून उत्तर द्यायचे.

एकदा मी शहाणपणा केला. काळी मादी आणि पांढरा नर बघून म्हटलं, "म्हणजे आता सगळी करडी होणार."

काका इतके हसले की त्यांना पेटीवर बसावं लागलं. "वहिनी, ते डब्यात होतं. पोटात रंग कालवत नाय कोणी. पोटात रंग लपतात. आणि पांढरा तर लय लबाड. त्याच्यात काय दडलंय ते त्याच्या आईबापाला विचारायचं, नाहीतर थेट नातवंडांत बघायचं."

ते मूळचे नांदगावकडचे. रंगात आले की त्यांच्या तोंडी गावाकडची भाषा यायची.

त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. काकूंना साखरेचा आजार. आधी पाय गेले, म्हणजे जिना चढणं बंद झालं, मग नजर मंदावायला लागली. म्हणून काका रोज एक मादी खाली घेऊन यायचे आणि गॅलरीत खुर्चीवर बसलेल्या काकूंच्या मांडीवर ठेवायचे. तिचा रंग मी दुसऱ्या कुठल्याच सशात पाहिला नव्हता. सकाळी चुलीतून निघणाऱ्या धुराला निळसर झाक असते ना, तसा. काकूंनी तिचं नाव ठेवलं होतं धुरी. तास तास बसायच्या दोघी. धुरी मेथीची देठं कुरतडायची आणि काकू तिला कॉलनीतल्या बातम्या सांगायच्या. त्यातल्या निम्म्या माझ्याच असायच्या.

धुरी पिल्लं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी गेली. चार पिल्लं मागे ठेवून, दोन काळी, दोन पांढरी. काकांनी ती चारही एका पांढऱ्या मादीच्या पेटीत सरकवली. तिचीही पिल्लं नुकतीच झाली होती, सगळी पांढरी. तिने ओळखू नये म्हणून तिच्याच पेटीतला कापूस परक्या पिल्लांच्या अंगाला चोळला. तिने बिचारीने सगळ्यांना पाजलं.

काकूंनी दोन दिवस धड जेवण घेतलं नाही. काका त्यांना म्हणाले, "रडू नको. धुरीचा रंग चारही पिल्लांत आहे, फक्त दिसत नाही. आधी सांगून ठेवतो, नातवंडांत उतरणार."

"आपल्याला लेकरं नाहीत आणि मला नातवंडांची वाट बघायला लावताय," काकू म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्या हसल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "डॉक्टर म्हणालेत, नजर गेली की परत यायची नाही. तेवढं लवकर करा. मला तो रंग एकदा बघायचाय."

काकांची सगळी भिस्त दोन काळ्यांवर होती. पांढरी पिल्लं मोठी झाल्यावर नेहमीसारखी कॉलनीत वाटून टाकली. आणि एका दुपारी जाळीची खुंटी सैल राहिली, बोक्याने दोन्ही काळी नेली.

आता धुरीचा रंग उरला होता फक्त दोन पांढऱ्यांत, आणि ते दोन कोणते हे कोणालाच सांगता येईना. धुरीचे आणि त्या दूध पाजणाऱ्या मादीचे, सगळे पांढरे सारखे. "आयुष्य रंगखात्यात गेलं तुमचं," मी म्हटलं, "एखाद्या कानाला ठिपका लावायचं सुचलं नाही?" काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

काका पांढऱ्यांना शोधत दारोदार फिरले. एक गावाला गेला होता, एक मेला होता, एक पळाला होता. शेवटी सापडला इस्त्रीवाल्याकडचा. नर होता. धुरीचा असेल, नसेलही. काका त्याला वाजतगाजत घेऊन आले, "जावईबापू आले, पाटावर बसवा." गच्चीतल्या काळ्या मादीशी त्याची जोडी लावली.

पिल्लं झाली, सगळी काळी. काका म्हणाले, "ही लेकरं. आता थांबायचं." काळी पिल्लं वाढेपर्यंत काकूंना वर्तमानपत्राचे मथळेही दिसेनासे झाले. मग काकांनी त्या काळ्यांतलीच जोडी जमवली. काकू म्हणाल्या, "अहो, सख्खी भावंडं ना ती?" तर म्हणे, "सशांत सोयरीक बघत नाहीत."

त्यातल्या मादीचे दिवस भरत आले तेव्हा काकूंना माणूस फक्त सावलीसारखा दिसत होता. काका येताजाता त्यांच्या डोळ्यांकडे बघायचे. मी बघतेय असं दिसलं की चष्मा पुसायला लागायचे.

पिल्लांच्या अंगावर लव आली त्या संध्याकाळी मी काकूंजवळ गॅलरीत बसले होते. काका जिना उतरून आले, हळूच, एकेक पायरी. ओंजळीत पिल्लू. त्यांनी ते काकूंच्या मांडीवर ठेवलं.

पिल्लू काळं कुळकुळीत होतं.

"आली तुझी धुरी," काका म्हणाले.

काकूंनी पिल्लू डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं. "दिसतोय की," त्या म्हणाल्या. "तोच रंग. अगदी तोच."

काका तोंड फिरवून आत गेले, चहा टाकतो म्हणाले. आतून कितीतरी वेळ नुसता नळाचा आवाज येत होता.

काकूंनी माझा हात धरला. "काळं आहे ना गं?"

मी म्हटलं, "हो. पण तुम्हाला कसं..."

"धुराचं असतं तर हे जिन्यातूनच ओरडत आले असते," काकू म्हणाल्या. "त्यांना सांगू नकोस हं." आणि त्या काळ्या पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. चहा येईपर्यंत त्याला धुरी, धुरी म्हणत होत्या.

त्याच थंडीत काकू गेल्या.

नंतर काका गच्चीवर जायचे ते फक्त दाणापाणी करायला. कुणी विचारलं, "काका, या खेपेला कुठले रंग?" तर म्हणायचे, "होतील ते होतील." मला ते ऐकवत नसे. जोड्या आता ते लावतही नव्हते. पण ती काळी जोडी एकाच पेटीत राहिली होती.

उन्हाळा लागला होता. मी भाकरी थापत होते आणि जिन्यातून ओरडणं ऐकू आलं. "आलं गं, आलं! अगं ए, धुराचं आलं!" धडाधड पायऱ्या उतरल्याचा आवाज. पिठाच्या हातानेच मी दार उघडलं.

काका त्यांच्या दाराशी उभे होते. दोन्ही हातांत छातीशी धरलेलं पिल्लू, निळसर, धुरकट, थेट धुरीचं. हात मोकळा नव्हता म्हणून त्यांनी कोपराने बेल दाबली होती. आत बेल वाजली आणि थांबली.

काका दाराकडे बघत राहिले. कुलूप बाहेरून होतं, त्यांनीच घातलेलं.

"वहिनी," ते म्हणाले, "जरा धरता का हिला? किल्ली काढतो."

मी पिल्लू घेतलं. त्याला माझ्या हातांचं पीठ लागलं. काका एका खिशात किल्ली शोधत होते, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या.

"सांगून ठेवलं होतं मी तिला," ते म्हणाले.