विमानातून दिसलेली हद्द

त्या प्रकरणातला कबुलीजबाब मला अजून शब्द न् शब्द आठवतो.

महायुद्ध चालू होतं. मी अळणावरच्या ठाण्यात फौजदार होतो. एका शेतकऱ्याने राखीव जंगलात शिरून सागवान तोडल्याची खबर आली. त्याला बोलावून घेतलं. साठीचा, सावकाश बोलणारा माणूस.

"साहेब, शेत माझ्या अप्पाचं. झाडं त्यातलीच. परवानगी काढून तोडली," तो म्हणाला.

माझ्याकडे विमानातून घेतलेलं त्या भागाचं छायाचित्र होतं. त्यावर जंगलाची हद्द नकाशावरून बघून लाल शाईने आखलेली. झाडं तुटलेला मोकळा तुकडा हद्दीच्या आत दिसत होता.

हवालदार म्हणाला, "साहेब, डोंगर चढून एकदा साखळीनं मोजू या की."

"विमानापेक्षा तुझी साखळी शहाणी का रे?" मी म्हणालो. सगळे हसले.

मोजणी न करताच मी पंचनामा उरकला. दोन दिवस त्या माणसासमोर तेच छायाचित्र धरलं. त्याला बोटही लावलं नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आभाळातनं काढलेलं खोटं कसं असंल? आमचंच चुकलं असंल." मॅजिस्ट्रेटपुढेही तो हेच बोलला. सहा महिने सक्तमजुरी झाली.

पुढे मोजणी कचेरीतून त्याच छायाचित्राची दुरुस्त केलेली प्रत आली. विमान कललं की चित्र तिरकं येतं, चढावरची जमीन जागची सरकलेली दिसते. जमिनीवरच्या खुणांशी मेळ घालून ते सारं सरळ केलं होतं. आता त्यावरून नकाशासारखं मोजता येत होतं. मी मोजलं. तुकडा हद्दीबाहेर, त्याच्याच शेतात होता.

त्याच्या सुटकेसाठी अहवाल पाठवला. उत्तर आलं, कैदी आठवड्यापूर्वी तापाने वारला.

मी त्याच्या घरी गेलो. बायको अंगणात भात पाखडत होती.

"अक्का, त्यांचा गुन्हा नव्हता. चूक माझी."

सूप तिच्या हातातच राहिलं. "मी तुरुंगात भेटायला गेले तवा हे म्हणाले, आपण चोरच निघालो, गावाची माफी माग. मी दारोदार जाऊन मागितली, साहेब. आता काय सांगू?"

मारहाण न करता कबुली मिळवतो, याचा मला फार अभिमान होता. समोरच्यावर विश्वास ठेवल्यामुळेही माणूस न केलेला गुन्हा कबूल करतो, हे मला तिथे कळलं.

मी तिच्याबरोबर दारोदार गेलो. पहिल्याच दारात मी टोपी काढून उंबऱ्याशी थांबलो. शेवटी तीच म्हणाली, "आमचे चोर नव्हते. हे साहेब तेच सांगायला आलेत." मग माझ्याकडे वळली.

"सांगा की, साहेब."